दोन वाट्यांतलं शेवाळ

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कवठेमहांकाळच्या पलीकडच्या त्या गावात आंघोळ ही नुसती बोलण्यात उरली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, घरटी तीन घागरी मिळायच्या, आणि त्यातच पिणं, शिजवणं, म्हशीची तहान. मोठी माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसायची आणि झाली आंघोळ म्हणायची. असल्या दिवसांत जोतीरामनं गाडीवरून पिंप उतरवलं, तेव्हा अर्धी आळी बघायला जमली.

पिंप पत्र्याचं, निळं, कमरेएवढं उंच. जोतीरामची मावशी कृष्णाकाठाला, वाळव्याकडं दिलेली. तिकडं बारमाही ऊस. तिच्या गोठ्यामागं असली तीन-चार पिंपं आडवी पडलेली होती, त्यातलं एक त्यानं मागून आणलं.

"आता खाणीतल्या झऱ्याचं पानी आठवड्याला एक खेप आनतो," कपाळाचा घाम निपटत तो म्हणाला. "गढूळ आसंना का, न्हायाला चालंल. आन् हे आधीच सांगून ठिवतो. ह्या पान्याला कुनी हात लावायचा न्हाई. आईनं न्हाई, मीबी न्हाई. हे फकस्त उजीचं."

उजी म्हणजे उज्ज्वला, त्याच्या थोरल्या भावाची दहा महिन्यांची लेक. भाऊ सयाजी फौजेत, जबलपूरला. घरात जोतीराम, त्याची आई हरणाबाई आणि उजीची आई रत्नप्रभा, एवढीच माणसं. रत्नप्रभा साताऱ्याची. वडील रिटायर सुभेदार. त्यांनी मुलीला हौसेनं बी.एस्सी.पर्यंत शिकवलं, वनस्पतिशास्त्र घेऊन, आणि मग जावई बघितला तो फौजेतलाच. तो असा की वर्षातून एकदा घरी यायचा.

मुलीवरची नजर काढायची नाही, हा रत्नप्रभाचा दिवसभराचा उद्योग. कॉलेजच्या प्रॅक्टिकलची एक वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात ती रोजचं लिहून ठेवायची. उजी किती वेळा प्याली, शी कशी झाली, किती झोपली, खोकली का. हरणाबाईला त्या वहीचं हसू यायचं. "आमी सा पोरं काढली, एकाचीबी वही न्हाई केली," ती म्हणायची. सहांतली तीनच जगली हे ती बोलायची नाही, आणि रत्नप्रभाला ते विसरता यायचं नाही.

पहिल्याच आंघोळीला वास आला. पाणी तापलं, वाफ निघाली आणि वाफेबरोबर तो. लसणीचा.

"आत्ती, पाण्याला लसणीचा वास येतोय."

"मग फोडनी द्यायची तेवडी ऱ्हायली म्हन की!" हरणाबाई पाटावर पाय पसरून बसली होती, पायांवर पालथी उजी. तिच्या पाठीला तेल चोळता चोळता सासू म्हणाली, "आगं, मावशीच्या घरात आढ्याला माळाच माळा लसनाच्या. पिंपातबी ठिवला आसंल."

"पण आधी काय होतं त्यात? भाऊजींनी विचारलं का?"

"उसाचं कायतरी. तीनदा राखंनं घासलंय त्येनं, हाताची सालं निघाली पोराच्या. आता वास वास करू नगंस."

तेलानं मऊ झालेल्या अंगावर कोमट पाणी पडलं तशी उजी खिदळली. दोन महिने तिला असं भरभरून पाणी मिळालं नव्हतं. मात्र पुढच्या चार दिवसांत वहीत लिहिलं गेलं: शी पातळ. लाळ जास्त. सारखी चुळबुळ, नीट झोप नाही. दात येतायत, असं हरणाबाई म्हणाली. शेजारची राहीबाईही तेच म्हणाली. तिचा नातूही उजीच्याच वयाचा, आणि लाळ तर तोही गाळायचा.

त्याच आठवड्यात आळीतल्या आटलेल्या विहिरीचं खोलीकरण निघालं. सुरुंग उडायचे, वर दगडांचा ढीग लागायचा. ते दगड चुलीला, गोठ्याला कामाचे म्हणून बायका निवडून आणायच्या. हरणाबाईनं आणलेल्या एका दगडावर काळपट, वाळकी, केसाळ खपली होती. घासून टाकायला ती पुढं झाली तशी रत्नप्रभा म्हणाली, "थांबा, आत्ती. गंमत बघा," आणि आपल्या पिण्याच्या तांब्यातली ओंजळभर धार तिनं त्या खपलीवर धरली.

राहीबाई तिथंच बसली होती. दोघी सासवा वाकून बघत राहिल्या. खपली फुगली, एकेक केस उलगडला, आणि विड्याचं पान लावून होईल एवढ्या वेळात दगडावर तळहाताएवढी हिरवी मखमल पसरली.

"आगं बया!" राहीबाई म्हणाली. "जित्तं हाय की हे!"

"शेवाळच आहे. कॉलेजात आम्ही मॉस म्हणायचो. वर्ष-दीड वर्ष असं वाळून पडून राहतं, पाणी मिळालं की उठतं." किती दिवसांनी कुणी तिला तिच्या विषयातलं विचारत होतं. "याला मूळच नसतं, राहीमावशी. खाली दिसतात ते नुसते दगडाला धरून ठेवायचे दोरे. झाडासारखं खालून पाणी ओढत नाही ते, अख्ख्या अंगानं पितं. पान एका पदराचं, त्यावर मेणाचा लेप नाही. पाऊस पडो, दव पडो, धूळ पडो, जे अंगावर येईल ते सरळ आत. पाणी तसंच, आणि पाण्यात जे खतमीठ असेल तेही तसंच."

"म्हंजी तोंड न्हाई, आन् सगळं अंगच तोंड," हरणाबाई म्हणाली.

"आमच्या जावयावानी," राहीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

रत्नप्रभा हसली नाही. जे अंगावर येईल ते सरळ आत, हे आपलंच वाक्य तिच्या कानात अडकलं होतं. बोळक्या तोंडाची, एका पदराच्या कातडीची आपली मुलगी तिच्या डोळ्यांपुढं आली. आणि मग तिला वाटलं, देवानंच हा दगड घरात पाठवला. कॉलेजातले सर सांगायचे, गिरण्यांचा धूर वाढला की शहरातल्या भिंतींवरून आधी हे नाहीसं होतं. हवेत, पाण्यात वाईट काही असलं तर सगळ्यात आधी हे मरतं. कारण याला निवडून घेताच येत नाही.

तिनं दगडावरचं शेवाळ सोडवलं, त्याचे दोन सारखे तुकडे केले आणि दोन वाट्यांत ठेवले. एकीत घागरीतलं पाणी, दुसरीत पिंपातलं. दुसऱ्या वाटीला दोरा बांधला. दोन्ही तुकडे लगेच तरारले, पण तेवढ्यावर ती फसणार नव्हती. मेलेलं शेवाळही पाणी पिऊन फुगतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फुगणं म्हणजे जगणं नव्हे. आठ दिवस बघायचं. तोवर पिंपातलं पाणी उजीच्या अंगाला लावायचं नाही. आपल्या वाटणीच्या पाण्यातून ती तिला पुसून काढू लागली, आणि स्वतः तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली तरी कुणाला बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी जोतीरामच्या ध्यानात आलं. खडीच्या कामावरून तो जेवायला आला होता.

"पिंप भरल्यालं तसंच दिसतंय, वैनी. उजीला न्हाऊ घालीत न्हाईसा?"

"जरा तपासतेय, भाऊजी. पाण्यात काही असलं तर..."

त्यानं खिडकीतल्या वाट्यांकडं बघितलं. दोऱ्याकडं बघितलं. "म्हंजी म्या इख आनलं व्हय पोरीला?"

"तसं नाही हो..."

"ऱ्हाऊ द्या." भाकरी अर्धी टाकून तो उठला. पुढचे दिवस तो दुपारचं जेवण फडक्यात बांधून न्यायला लागला. त्या दिवसापासून हरणाबाई भांडी जरा आवाज करूनच ठेवू लागली. उजीला बघितलं की मात्र जोतीराम दारात थबकायचा, बोटानं तिचं नाक दाबायचा आणि वहिनीकडं न बघता निघून जायचा. रत्नप्रभाला ते बघवेना. ज्या माणसानं तोंडही न धुता सगळं पाणी पुतणीला ठेवलं, त्याच्यावर आपण संशय घेतला. हे सयाजीला कळलं तर तो काय म्हणेल?

आठव्या दिवशी तिनं दोन्ही वाट्या उन्हात नेऊन नीट बघितल्या. दोन्ही हिरव्या. कॉलेजातल्या जुन्या भिंगातून बघितलं, तर दोऱ्याच्या वाटीतलं शेवाळ जास्तच टवटवीत. शेंड्यांना नवी, पोपटी पानं फुटलेली.

तिच्या मनातली गाठ सुटली. तिनं सासूला हाक मारली, राहीबाईला बोलावलं, आणि जोतीराम आला तसा वाट्या त्याच्यापुढं धरल्या.

"पाणी चांगलं आहे, भाऊजी. माझं चुकलं."

तो एकदम लाजला. "चुकायचं काय त्यात? शिकल्याली मानसं, तपासून घ्येनारच की," म्हणाला, आणि त्या संध्याकाळी तीन भाकरी खाल्ल्या. नंतर दारात येईल त्याला तो त्या वाट्या दाखवू लागला. "आमच्या वैनीनं पास केलंय पिंप. साताऱ्याच्या कॉलेजात शिकल्यात." रत्नप्रभा आतून ऐकायची. तिला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

उजीला घामोळं आलं होतं. पाणी चांगलं आहेच, तर दोन वेळा आंघोळ घालायला काय हरकत, असं तीच सासूला म्हणाली. सकाळी तेल लावून, संध्याकाळी नुसतंच.

चौथ्या दिवशी लाळ वाढली. पाचव्या दिवशी शी पातळ झाली, आणि झोपेत कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. दात, सगळे म्हणाले, आणि रत्नप्रभानंही वहीत 'दात' असंच लिहिलं. सहाव्या दिवशी सकाळी न्हाऊ घालून तिनं उजीला खांद्यावर घेतलं तर मान भुईमुगाच्या ओल्या वेलासारखी कलंडली. डोळे उघडे होते, पण बाहुल्या बारीक, टाचणीनं टोचल्यासारख्या. मांडीवर घेतलं तसे हातपाय थरथर उडायला लागले.

टँकर त्याच वेळी आळीत आला होता. ड्रायव्हर लालासाहेब पाणी सोडायला खाली उतरला होता, तो उजीकडं एकदा बघून परत चढला. "बसा, बसा! मिरजंला न्हेतो. पानी काय, दुपारनं देतो ह्यास्नी." रांगेतल्या एकाही बाईनं तोंडातून ब्र काढला नाही. रत्नप्रभानं मुलगी घेतली, वही घेतली. हरणाबाई अनवाणीच वर चढली. जोतीराम खडीवर गेलेला होता.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उजीची पापणी वर केली, छाती ऐकली आणि लगेच विचारलं, "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?"

"फवारायला पीक कुठाय, बाई?" हरणाबाई म्हणाली. "दोन वरसं कुसळबी उगावलं न्हाई."

डॉक्टरीणबाई वाकल्या, उजीच्या टाळूशी नाक नेलं. "लसणीचा वास येतोय."

"पिंप," रत्नप्रभा म्हणाली. "पण मी तपासलं होतं, डॉक्टर. आठ दिवस तपासलं होतं."

इंजेक्शन देऊन झालं. मुलीचे कपडे काढले, तिला साबणानं डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, तेल निघेपर्यंत तीन-तीनदा. मग डॉक्टरीणबाईंनी रत्नप्रभाच्या हातातली वही मागितली. उभ्या उभ्या त्यांनी पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं.

"इथं पातळ शी, लाळ. मग हे आठ दिवस काहीच नाही. शी बांधून, झोप चांगली. मग परत लाळ. ह्या आठ दिवसांत काय वेगळं केलं होतं?"

"पिंपातल्या पाण्यानं आंघोळ घातली नव्हती."

"मग?"

"शेवाळावर बघत होते. ते मरतंय का ते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, दमल्यासारखं. "हे औषध किड्याची नस धरतं, बाई. किड्याला नस आहे, लेकराला आहे. शेवाळाला कुठली नस?"

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. रत्नप्रभा वही उघडी धरून तिथंच उभी राहिली. तिच्याच अक्षरात, तारीखवार, सगळं लिहिलेलं होतं. पोरीनं आठ दिवस उत्तर दिलं होतं आणि ते आपण रोज आपल्या हातानं उतरून घेतलं होतं; बघत मात्र वाटीत होतो. शेवाळानं विष प्यायलं नाही असं नव्हतंच. ते अख्ख्या अंगानं प्यायलं असणार. फक्त त्याचं त्यात काही बिघडलं नाही. त्याला कदाचित ते खतच झालं.

दर थोड्या वेळानं इंजेक्शन देत राहिले. दिवस कलला तेव्हा बाहुल्या थोड्या मोठ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उजी रडली, बारीक, मांजरासारखी, आणि छातीशी धरल्यावर चार घोट प्याली. मान अजून धरत नव्हती. "आज तरी वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं पुढं बघू." हरणाबाई भिंतीला टेकून बसली ती तिथंच झोपली.

नऊच्या सुमाराला जोतीराम एस.टी.नं आला. खडीच्या धुळीनं अजून पांढरा. तो खाटेशी आला, उजीच्या पायाला हात लावला आणि उभ्यानंच रडायला लागला. रत्नप्रभानं त्याला सांगितलं. पिंप म्हणाली, आणि लगेच पुढचं म्हणाली, "तुम्ही नाही, भाऊजी. तुम्ही आणलंत, पण चांगलं आहे असं मी सांगितलं."

त्यानं डोळे पुसले. तिचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. "पन ते हिरवंच ऱ्हायलं की, वैनी. म्या सोता बगितलं. आवं, त्याच्यावरच तर राहीबाईलाबी एक पिंप आनून दिलं."

"काय?"

"परवा. मावशीकडनं. नातवाला न्हाऊ घालायला मागत हुती. म्हनली, रत्नीनं तपासलंय तर आमालाबी आन. तुमच्या त्या दोन वाट्याबी न्हेल्या बगायला."

ती त्याचा सदरा धरून त्याला वॉर्डाच्या दाराकडं ढकलायला लागली. "जावा! आत्ता जावा! पाणी ओतून द्या, पोराला हात लावू देऊ नका कुणाला, आंघोळ घातली असली तर साबणानं धुवा आणि इकडं आणा!"

"पन काय सांगू तिला? कालपत्तूर चांगलं हाय म्हनत हुतासा..."

"सांगा, वहिनीला काही कळत नाही. सांगा, तिचं शिक्षण वाया गेलं. काहीही सांगा!"

तो पळत गेला. हरणाबाई जागी होऊन बघत होती. सून अशी ओरडलेली तिनं कधी ऐकली नव्हती.

दिवसाला दोनच गाड्या, दुपारची चुकली. तो संध्याकाळी पोचला, हे रत्नप्रभाला नंतर कळलं. राहीबाईनं त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उजीला दिष्ट लागली, तर आता पिंपाचं नाव करताय व्हय? काल पास आन् आज नापास? मला ते शेवाळ दाखवलंय तिनं, डोळ्यांनी बगितलंय म्या." तो पिंप उपडं करायला गेला तर ती आडवी झाली. इतक्या लांबून आणलेलं पाणी होतं ते. सकाळी तिनं नातवाला रोजच्यासारखं तेल लावून न्हाऊ घातलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेबाचा टँकर पुन्हा दवाखान्याच्या दारात थांबला. जोतीराम आधी उतरला, मग राहीबाई. पदरात गुंडाळलेल्या पोराची मान तिच्या कोपरावरून खाली लोंबत होती.

उजीच्या शेजारची खाट रिकामी होती, त्याला तिथंच ठेवलं. तीच धावपळ, तीच इंजेक्शनं, तोच साबण. राहीबाईला बाजूला केलं तशी ती मागं मागं सरत उजीच्या खाटेला येऊन टेकली. तिची नजर उजीवर गेली. उजी जागी होती, मुठीनं आईचा पदर ओढत होती.

"तुजी जगली न्हवं?" राहीबाई म्हणाली.

रत्नप्रभानं मान हलवली.

"मग माजाबी जगंल." तिनं रत्नप्रभाचं मनगट धरलं. "त्येनं तर तीनच येळा आंगूळ केली. तुजीनं किती केल्या. जगंल न्हवं? तू सांग, बाय. तू शिकल्याली हाईस."

जोतीराम खाली बघत होता. हरणाबाई सुनेकडं बघत होती. पलीकडं डॉक्टरीणबाईंनी पोराची पापणी वर केली, परत मिटवली आणि नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते काय, ते इथं ऐकू आलं नाही.

हो म्हणायला किती सोपं होतं. रत्नप्रभानं राहीबाईला खाटेवर आपल्याजवळ बसवून घेतलं, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती पोराकडं बघत राहिली.